सुतळीत बांधलेला मजकूर

लग्नसराईत पनवेलच्या आमच्या छापखान्यात सगळ्यांत आधी ‘श्री’ संपायचा. पत्रिकेच्या तळाशी नातेवाइकांची नावं, प्रत्येक नावामागे श्री. नाहीतर सौ.; नेरे, वावंजे, शिरढोणकडच्या पत्रिकांवर तर अख्खी भावकीच विनीत. केसमधलं ‘श्री’चं घर रिकामं झालं, की हातातली पत्रिका मशीनवरून उतरून तिचे खिळे मोकळे होईपर्यंत पुढचं काम अडून राही.

मधला मजकूर मात्र आम्ही सहसा सोडत नसू. ‘आमचे येथे श्रीकृपेंकरून’पासून ‘करण्याचे योजिले आहे’पर्यंतच्या ओळी एकदा जुळवल्या, की सुतळीनं आवळून गॅलीवर ठेवून द्यायच्या. गिऱ्हाईक आलं, की सुतळी सोडून वधूवरांची नावं, तिथी, मुहूर्त आणि पत्ता तेवढा बदलायचा. छपाई झाली, की रॉकेलनं पुसायचं आणि पुन्हा बांधायचं. सगळं उलट्या अक्षरांत, उभ्यानं, बल्बच्या उजेडात.

फ्रेंच छापखान्यांतही हीच अडचण होती. जुळवलेला मजकूर ठेवावा तर खिळे अडकतात, सोडावा तर पुन्हा जुळवणं आलं. म्हणून जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा अखंड ठसा घेण्याची युक्ती निघाली. फिर्मां दिदो या मुद्रकानं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिला ‘स्टिरिओटाइप’ हे नाव रूढ केलं. कामगार अशा ठशाला ‘क्लिशे’ म्हणत. वितळलेल्या धातूवर साचा आपटताना होणाऱ्या आवाजावरून हा शब्द आला, असं मानतात. पुढे तोच शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या वाक्याला चिकटला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतही गेला. आज टीकाकार तो शिवीसारखा वापरतात. मला त्यात खिळे जुळवणाऱ्याची काळी पडलेली बोटं दिसतात. तयार वाक्य जपून ठेवणं ही त्याची काटकसर होती, आळस नव्हे.

देवनागरीत तर ही काटकसर फारच लागायची. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान आणि मोठी. आपल्याकडे काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी मराठी टाइपाला देखणेपण दिलं, पण खिळ्यांचा पसारा राहिलाच. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’चीच बाराखडी सुचवली, तीही छपाई सुटसुटीत व्हावी म्हणून. ‘किर्लोस्कर’ मासिकानं ती काही काळ वापरलीसुद्धा. पत्रिकेच्या मजकुरात मात्र ती कुणाला चालली नसती.

लोकांना नवं वाक्य नकोच असायचं. एखादा शिकलेला नवरामुलगा स्वतः लिहिलेला मजकूर घेऊन यायचा. सोबतचे आजोबा तो कागद वाचून आमच्या मुख्य कंपोझिटरला म्हणायचे, “मामा, पत्रिकेसारखी पत्रिका असू द्या.” मला आजोबांचं पटायचं. आमंत्रणात यजमानानं आपली हुशारी दाखवायची नसते. सगळ्या गावाला ज्या शब्दांत बोलावणं गेलं, त्याच शब्दांत आपल्यालाही यावं, यात मान असतो.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शाळेची पुस्तकं बदलली, वर्तमानपत्रं बदलली. ‘कृपेंकरून’वरचा अनुस्वार राहिला, आणि ‘आमच्या’ऐवजी ‘आमचे’ही राहिलं. मजकूर बांधलेला होता आणि गिऱ्हाइकालाही तो तसाच हवा होता.

मग ऑफसेट आलं. खिळे वजनावर मोडीत गेले, सुतळीतल्या ओळींसकट. आता टपाल नाक्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे पत्रिका दहा मिनिटांत तयार होते, आणि तिच्यात तो अनुस्वार असतोच. कुणीतरी कधीतरी आमच्यासारख्यांची जुनी पत्रिका समोर ठेवून ती अक्षर न् अक्षर टाइप केली होती.