कोल्हापूरची तालीम-परंपरा

कोल्हापूरची तालीम-परंपरा : महाराष्ट्रातील मल्लविद्येची एक प्रमुख परंपरा. ‘तालीम’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण असा असून मराठीत तो कसरतीच्या व कुस्तीच्या जागेसही रूढ झाला. कोल्हापुरातील गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी इ. तालमी विशेष प्रसिद्ध आहेत.

इतिहास : राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) हे स्वतः कुस्ती खेळत. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी तालमींना आश्रय दिला आणि उत्तरेकडील नामांकित मल्लांना पाचारण करून स्थानिक मल्लांना त्यांच्याशी लढण्याची संधी दिली. १९०२ च्या यूरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोममधील प्राचीन क्रीडागाराच्या धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान बांधविले. ते १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी हौदा व भोवती चढती बैठक अशी त्याची रचना असल्याने अखेरच्या रांगेतील प्रेक्षकासही कुस्ती स्पष्ट दिसते. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले व राजाश्रय संपला. त्यानंतर तालमींचा भार मुख्यतः लोकाश्रयावर व गावोगावच्या जत्रांतील मैदानांवर पडला.

शिक्षण : मल्लाचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. जोर, बैठका, हौद्याची माती खोदणे व प्रत्यक्ष लढत हा नित्यक्रम होय. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर इ. मिसळतात, त्यामुळे ती मऊ राहते. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी, घिस्सा इ. डाव व त्यांचे तोड वस्ताद स्वतः शिकवितात. दूध, तूप व बदामाची थंडाई यांचा खुराकात समावेश असतो.

मूल्ये : हौद्यात उतरताना मल्ल माती कपाळी लावतो. ब्रह्मचर्य, निर्व्यसनीपणा व वस्तादाची आज्ञा यांस तालमीत शिस्तीइतकेच श्रद्धेचे स्थान आहे. हिंदू व मुसलमान मल्ल एकाच हौद्यात घडत आले आहेत. मातीतील जुन्या कुस्तीत गुण मोजले जात नसत. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस लावून त्यास चीतपट करणे हाच विजय. त्यामुळे लढत लांबली, तरी प्रेक्षकांचा आग्रह निकाली कुस्तीचाच असे.

माती व गादी : आंतरराष्ट्रीय कुस्ती वजनगट, ठराविक वेळ व गुण यांवर आधारलेली असून ती गादीवर होते. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव (१९२६–८४) यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या फरकाचा प्रत्यय आला; तरीही ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी लोकांनी वर्गणी जमविली, तर प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे श्रीपती खंचनाळे (१९५९) व गणपत आंदळकर (१९६०) यांनी ‘हिंदकेसरी’ किताब मिळवून कोल्हापूरचे नाव देशभर नेले. १९६१ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा सुरू झाली. कालांतराने तीत माती व गादी असे दोन विभाग करण्यात आले.

तथापि खाशाबांनंतर महाराष्ट्रातील मल्लास ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. २०२४ मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनी, राज्याला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले, ते कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीतील कामगिरीमुळे. मल्लाचा खुराक व उपजीविका दीर्घकाळ मातीच्या मैदानातील इनामांवर अवलंबून राहिल्याने गादीच्या तंत्राकडे वळणे अनेकांना परवडणारे नव्हते. आता तालमींतून दोन्ही प्रकार शिकविले जातात. वेळ व गुण यांचे भान गादी देते. कसदार शरीर, चिकाटी व निकालाचा आग्रह ही मातीची देणगी आहे. या दोहोंची सांगड घालण्यावर या परंपरेचे पुढील यश अवलंबून आहे.