घरगुती चित्रफितींचे रुंद पडद्यासाठी डीव्हीडीत रूपांतर

व्हीएचएससारख्या जुन्या चुंबकीय फितींवरील मुद्रण अंकीय स्वरूपात आणून, ते रुंद पडद्यावर विद्रूप न होता दिसेल अशा रीतीने डीव्हीडीवर उतरवण्याची ही प्रक्रिया आहे.

पार्श्वभूमी

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. जपानच्याच फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. त्यामुळे फिती शाबूत असल्या तरी त्या वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत.

चित्राचे गुणोत्तर

जुन्या दूरचित्रवाणी संचावरील चित्राच्या रुंदी-उंचीचे गुणोत्तर ४:३, तर रुंद पडद्याचे १६:९ असते. ४:३ चित्र ताणून पूर्ण पडद्यावर बसवल्यास त्याची रुंदी एक-तृतीयांशाने वाढते व चेहरे फुगीर दिसतात. वरखाली कापून बसवल्यास एक-चतुर्थांश चित्र नष्ट होते. समूहचित्रणात डोकी किंवा पाय त्यात जातात. म्हणून लग्न, बारसे इत्यादींचे मूळ ४:३ मुद्रण त्याच गुणोत्तरात ठेवतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या संच स्वतः दाखवतो.

ज्या फितीत रुंद चित्र आधीच वरखाली काळ्या पट्ट्यांसह मुद्रित आहे, तेथे मात्र पट्ट्या कापणे योग्य ठरते. भारतात प्रचलित पाल पद्धतीच्या ५७६ रेषांपैकी अशा १६:९ चित्राच्या वाट्याला सुमारे ४३२ रेषा येतात. त्या ५७६ पर्यंत वाढवून डीव्हीडीवर १६:९ अशी खूण नोंदवतात. यामुळे चित्र पडदा भरते. मुळात नसलेला तपशील मात्र निर्माण होत नाही.

प्रक्रिया

व्हीसीआर मुद्रण-उपकरणाद्वारे संगणकास जोडून फीत वाजवली जाते. तीन तासांच्या फितीस तीनच तास लागतात. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत चांगल्या दर्जाचे सुमारे दोन तासांचे चित्रण मावते. त्यामुळे अशी फीत सहसा दोन डीव्हीडींवर विभागतात.

जतन

अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका मेळघाटात आहे. तेथील पावसाळ्यासारख्या दमट हवेत फितींना बुरशी लागण्याचा धोका असतो. बुरशी लागलेली फीत स्वच्छ न करता वाजवल्यास व्हीसीआरचे शीर्ष खराब होते आणि संसर्ग इतर फितींत पसरतो. या भागात कोरकू ही मुंडा गटातील भाषा बोलली जाते. घरगुती फितीत कोरकू संभाषण वा गाणी असल्यास ती भाषेचीही नोंद ठरते. म्हणून ध्वनीची प्रत तितकीच काळजीपूर्वक घ्यावी लागते. लेखनक्षम डीव्हीडीही कालांतराने निकामी होतात. त्यामुळे न कापलेली मूळ अंकीय प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली जाते आणि मूळ फीतही टाकून दिली जात नाही.