सोंड, नळी आणि सुरी: महाधमनीच्या संमिश्र शस्त्रक्रियेची गोष्ट

आजची गोष्ट १९४८ सालापासून सुरू करू या. न्यूयॉर्कमध्ये आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या महाधमनीला मोठा फुगवटा आला होता. सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी काय केलं? तो फुगवटा चक्क सेलोफेनच्या कागदात गुंडाळला! बाहेरून घट्ट व्रण धरेल आणि भिंत तग धरेल, हा हिशेब. आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ मध्ये तो फुटला, तेव्हा त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया नाकारली.

दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्यूबोस्त यांनी फुगलेला भाग कापून तिथे मृतदेहातून घेतलेली धमनी जोडली. मग कापडी नळ्या आल्या. ह्यूस्टनच्या डीबेकींनी डेक्रॉनची नळी घरच्या शिवणयंत्रावर शिवली, हे तुम्ही ऐकलं असेल.

पण खरी अडचण पुढे होती. फुगवटा छातीपासून पोटापर्यंत पसरला तर? त्याच पट्ट्यातून यकृत, आतडी आणि दोन्ही मूत्रपिंडांकडे फाटे निघतात, मज्जारज्जूलाही रक्त जातं. ह्यूस्टनच्याच स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी या शस्त्रक्रियेची पद्धत बसवली. मात्र छाती-पोट दोन्ही उघडायचं, महाधमनी चिमट्यात धरायची. रक्त जितका वेळ थांबेल, तितका मूत्रपिंडांना आणि मज्जारज्जूला धोका. रुग्ण वाचला, पण पाय गेले, असंही व्हायचं. वयस्कर, फुप्फुसं थकलेल्या माणसाला हे झेपायचंच नाही.

दुसरी वाट जांघेतून निघाली. १९८७ मध्ये खारकीवच्या निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत स्टेंट बसवलेली नळी आतूनच सरकवली. पश्चिमेला याची नीट ओळख फार उशिरा झाली. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुगवट्यावर तेच केलं. इथे छाती उघडावी लागत नाही. पण साधी नळी फुगवट्याबरोबर फाट्यांची तोंडंही बुजवते! मग आतड्यांना रक्त कुठून मिळणार?

इथे दोन्ही वाटा एकत्र आल्या. कॅलिफोर्नियात किनोनेस-बाल्ड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आधी पोट उघडून फाट्यांना दुसरीकडून रक्त द्यायचं, मग आतून नळी बसवायची. मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती करताना गावाला आधी बगलेचा पाइप टाकतात ना, तसंच! छाती उघडणं टळतं, महाधमनीला चिमटा लावणंही.

कमानीची गोष्टही अशीच. हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये कमान बदलताना नळीचं एक टोक खालच्या महाधमनीत मोकळं लोंबतं ठेवलं. नाव पडलं ‘हत्तीची सोंड’. पुढच्या शस्त्रक्रियेला ती पकडायला सोपी. पुढे त्याच सोंडेत जांघेतून स्टेंट-नळी अडकवता येऊ लागली.

मग प्रश्न मिटला का? नाही. सगळं एकाच दिवशी केलं तर शरीरावर भार फार. दोन टप्प्यांत केलं तर मधल्या काळात फुगवटा फुटू शकतो, आणि काही रुग्ण असे गेलेही. आज फाटे असलेल्या तयार नळ्यांनी बरंचसं काम उचललंय. पण रुग्णाच्या मापाची नळी बनायला आठवडे लागतात आणि प्रत्येकाची रचना तिला जुळतेच असं नाही.

म्हणून या इतिहासात सुरी हरली आणि नळी जिंकली, असं म्हणणं घाईचं ठरेल. समोरचा माणूस किती सोसू शकेल, हे आधी पाहायला सर्जन शिकले, आणि मग हत्यार निवडू लागले.