बोधनिक मानसशास्त्र व मेंदूविज्ञान : विद्यापीठीय शिक्षण (रत्नागिरी व मुंबई विद्यापीठ)

माणूस पाहतो, लक्ष देतो, आठवतो, बोलतो, निर्णय घेतो तेव्हा मनात काय घडते याचा प्रयोगांनी शोध घेणारी मानसशास्त्राची शाखा आणि तेव्हाच मेंदूत काय चालते ते तपासणारे मेंदूविज्ञान, या दोहोंचे उच्च शिक्षण. पहिल्या शाखेला संज्ञानात्मक मानसशास्त्र असेही म्हणतात. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असल्याने येथील कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रामुख्याने त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून भेटतो.

भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये निघाला. पुणे विद्यापीठातील विभाग 1950 मध्ये प्रायोगिक मानसशास्त्र या नावाने, तर मुंबईचा उपयोजित मानसशास्त्र विभाग 1959 मध्ये सुरू झाला. बोधनिक शाखेला तिचे नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांच्या 1967 च्या ग्रंथाने मिळवून दिले.

मुंबई विद्यापीठाच्या ‘टीवायबीए’च्या (बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या) सहा पेपरांच्या रचनेत बोधनिक मानसशास्त्राचा एक पेपर व त्याला जोडून प्रात्यक्षिकांचा दुसरा पेपर असे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ही रचना बदलत आहे. संवेदन, अवधान, स्मृती, भाषा, समस्या-परिहार हे घटक मात्र कुठल्याही रचनेत टाळता येत नाहीत.

या विषयाचा खरा जीव प्रात्यक्षिकात आहे, आणि त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहून प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला, शाईचा रंग सांगायला लावला की तो अडखळतो. हा प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केला. स्मृतीच्या प्रयोगात मात्र शब्दयादीला फार महत्त्व आहे. मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला दिली, तर स्मृतीबरोबर त्याचे इंग्रजीही मोजले जाते आणि निष्कर्ष बिघडतो. आगर, पडवी, कातळ, होडी असे ओळखीचे शब्द घेऊन, त्यांची अक्षरसंख्या व जोडाक्षरे सारखी राखून याद्या तयार करणे हे महाविद्यालयांनी आवर्जून हाती घ्यावे असे काम आहे.

देवनागरी लिपी तर संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चारात नंतर येते. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचकांवर या विसंगतीचा परिणाम तपासला आणि अशा शब्दांच्या वाचनाला अधिक वेळ लागतो असे दाखवले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी चॅटर्जी सिंग व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून देवनागरी वाचताना डाव्या गोलार्धाबरोबर उजव्या गोलार्धाचे काही भागही कार्यरत होतात असे नोंदवले. वाचनाच्या वेळेचे असे प्रयोग मराठी वाचकांवर करण्यासाठी रत्नागिरीची शाळकरी मुले उत्तम प्रयुक्त ठरतील. वेळ मोजायला एक संगणक पुरतो.

रत्नागिरीत मनोरुग्णालय 1886 पासून आहे, म्हणजे हा विषय शिकवणारे विद्यापीठीय विभाग महाराष्ट्रात निघण्याच्या कितीतरी आधीपासून. तरीही मेंदूविज्ञानाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम शहरात नाही. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघातानंतरचा वाचादोष पुस्तकातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णसेवेचे शिस्तबद्ध, रुग्णाची प्रतिष्ठा जपणारे दर्शन घडायला हवे, आणि त्यासाठी महाविद्यालय व रुग्णालय यांच्यात कायमची व्यवस्था असणे आवश्यक आहे.

पुढील शिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते. अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन व बोधन विज्ञान केंद्र आणि गांधीनगरच्या आयआयटीतील बोधन विज्ञानाचा अभ्यासक्रम हे दोन ठळक पर्याय. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण व तिच्याकडील नोंदणी लागते, नुसती बी.ए. किंवा एम.ए. पुरत नाही. पेशींच्या पातळीवरील संशोधनाची मोठी परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. तेथे ओबेद सिद्दिकी यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून चेतासंस्थेच्या आनुवंशिकीत पायाभूत काम केले. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र व संख्याशास्त्र यांची तयारी पदवीच्या वर्षांतच सुरू करावी.