दहा वस्तूंची यादी

पीएचडीसाठी सिएटलला आलो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरातल्या एका रविवारी लॅबमधल्या मित्राबरोबर जवळच्या डोंगरावर गेलो. "पाच मैल तर चालायचंय", म्हणून पाठीवर काहीच घेतलं नव्हतं. उतरताना मित्राचा पाय मुरगळला. इथे नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यात भुरभुर पाऊस. विजेरी दोघांकडेही नाही! शेवटी मागून आलेल्या एका आजोबांनी आपल्या सॅकमधून जादा विजेरी, कोरडा स्वेटर आणि क्रेप बँडेज काढून दिलं, म्हणून खाली पोचलो. आजोबा एवढंच म्हणाले, "दहा वस्तू माहीत नाहीत वाटतं?"

नव्हत्याच माहीत. मग घरी येऊन शोधाशोध केली.

'द माउंटेनीअर्स' हा गिर्यारोहकांचा क्लब सिएटलमध्ये १९०६ साली निघाला. डोंगरात जाणाऱ्याच्या पाठीवर कमीत कमी काय असावं, याची यादी या क्लबने १९३० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी केली. नकाशा, होकायंत्र, काळा चष्मा आणि उन्हाचं मलम, जादा कपडे, विजेरी, प्रथमोपचाराचं सामान, जाळ धरायला मदत करणारं काहीतरी, काडेपेटी, सुरी आणि जादा खाणं. झाल्या दहा. क्लबच्या 'फ्रीडम ऑफ द हिल्स' या पुस्तकाच्या १९७४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती छापली गेली.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला यातली उणीव लगेच खटकेल. यादीत पाणीच नाही!

ते आलं २००३ च्या सातव्या आवृत्तीत. तेव्हा यादी मुळापासून बदलली. वस्तूंऐवजी गरजा लिहिल्या: दिशा, उन्हापासून बचाव, ऊब, उजेड, प्रथमोपचार, विस्तव, दुरुस्ती, अन्न, पाणी आणि निवारा. आमच्या धंद्यात सांगायचं तर, कोणता स्क्रू वापरायचा ते न सांगता किती वजन पेलायचं ते सांगितलं. स्क्रू तुम्ही निवडा.

मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. गरजा त्याच राहतात, सामान जागेप्रमाणे बदलतं. मे महिन्यात राजगडावर जाताना निम्मी सॅक पाण्याचीच हवी आणि डोक्याला टोपी. इथे हिवाळ्यात गाडीने घाट ओलांडायचा तर डिकीत ब्लँकेट, फावडं आणि खाणं. परगावी एका दिवसाचं काम असलं तरी रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या घ्याव्यात. निघताना स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे. कुणाला इजा झाली तर निभावता येईल का? आणि रात्र बाहेर काढावी लागली तर काढता येईल का?

त्या रविवारी आमचं उत्तर दोन्हीला 'नाही' होतं, आणि ते आम्हाला अंधार पडल्यावर कळलं.

असो. आता माझ्या सॅकमध्ये दोन विजेऱ्या असतात. दुसरी कुणाला तरी द्यायला.