शालेय छळाची तक्रार : मुंबई इलाखा ते आजचा महाराष्ट्र

शाळेत होणाऱ्या छळाचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची येते. शाळेच्या दप्तरात हजेरी, फी आणि निकाल यांच्या नोंदी सापडतात. वर्गात मार खाल्लेल्या वा अपमानित झालेल्या मुलाची नोंद सहसा सापडत नाही. म्हणून अभ्यासकाला तक्रारींकडे वळावे लागते. तक्रार कोणी केली आणि तिचा निकाल काय लागला, हे सामान्यतः पाहिले जाते. ज्याच्याकडे तक्रार गेली, त्याचाच त्या प्रकरणात काही हितसंबंध होता काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने काही टप्पे पाहिले आहेत.

जून १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेल्यामुळे एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज करण्यात आला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. प्रश्न प्रवेशाचा होता, वर्गातील छळाचा नव्हे. तथापि शाळेतील अन्यायाविरुद्ध विद्यार्थ्याच्या बाजूने झालेली आणि सरकारी कागदपत्रांत टिकून राहिलेली ही एक आरंभीची तक्रार असल्याने तिचे महत्त्व आहे. २१ जुलै १८५६ च्या ठरावात सरकारने अर्जदाराची बाजू तत्त्वतः न्याय्य असल्याचे मान्य केले. मात्र एका-दोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींत तडकाफडकी हात घातल्यास शिक्षणकार्याचीच हानी होईल, असे कारण देऊन हस्तक्षेप नाकारला. अर्जदाराला सोसावी लागणारी गैरसोय काही या सरकारने निर्माण केलेली नाही, अशी पुस्तीही जोडली. तक्रार खरी, परंतु संस्थेचा गाडा सुरळीत चालणे अधिक महत्त्वाचे, ही भूमिका इतक्या उघडपणे कागदावर क्वचितच उतरलेली दिसते. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले. पुढे १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनला सादर केलेल्या शिक्षणविषयक निवेदनात याच प्रकरणाची आठवण करून दिली.

प्रवेश मिळाल्याने छळ संपत नसे, याची साक्ष खुद्द आंबेडकरांच्या बालपणात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना एकट्याला कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. इतर मुले तहान लागली की शिक्षकांची परवानगी घेऊन नळावर जात. या मुलाला परवानगी पुरेशी नव्हती. नळ सोडायला शिपाई हजर असावा लागे. तो नसला तर तहानलेलेच राहायचे. आंबेडकरांनी हे प्रौढपणी इंग्रजीत लिहिलेल्या आत्मपर टिपणांत नोंदवले असून त्यांची पुस्तिका १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर या प्रसंगात तक्रार करण्याजोगे कोणी वागलेच नव्हते. शिक्षक आणि शिपाई रिवाजाप्रमाणे वागत होते, आणि रिवाजाविरुद्ध दाद मागायची तर ती रिवाज पाळणाऱ्यांकडेच मागावी लागत होती.

हा रिवाज गुन्हा ठरण्यास १९५५ साल उजाडले. त्या वर्षीच्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाच्या कलम ५ ने शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे दंडनीय केलेच, शिवाय प्रवेशानंतर केलेला भेदभावही त्यात समाविष्ट केला. या दुसऱ्या भागाची चर्चा फारशी होत नाही. साताऱ्याचे गोणपाट नेमके त्यात बसते.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांचा केलेला छळ मात्र दीर्घकाळ शिस्तीची किंवा पोरखेळाची बाब समजला गेला. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ ने ही दृष्टी बदलली. अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण या कायद्याचे खरे वैशिष्ट्य शिक्षेत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी, आणि यात कसूर केल्यास त्याने अपराधास अपप्रेरणा दिली असे मानावे, अशी तरतूद त्यात आहे. संस्थेच्या लौकिकासाठी प्रकरण मिटवणे हे शहाणपण न राहता अपराध ठरले. मात्र तक्रारीत तथ्य आहे की नाही, हे प्रथम ठरवण्याचा अधिकार त्याच प्रमुखाकडे राहिला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आणि कलम ३२ ने तक्रार शाळेबाहेर, स्थानिक प्राधिकरणाकडे नेली. निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र शाळा चालवणारी आणि तक्रार ऐकणारी संस्था एकच, ही विसंगती तशीच राहिली. लैंगिक अपराधांबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा याहून पुढे गेला. त्यानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने थेट पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. येथे प्राथमिक चौकशीचा अधिकार शाळेकडे ठेवलेलाच नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा गुन्हा नोंदवण्यातील विलंब आणि शाळेने न कळवणे हेच मुद्दे ऐरणीवर आले. मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

वरील सर्व तरतुदींची सुरुवात कोणीतरी तोंड उघडण्यापासून होते. याहून वेगळा मार्ग नॉर्वेमध्ये दिसतो. १९८२ च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असल्याचे वृत्त आले. १९८३ मध्ये सरकारने देशव्यापी मोहीम काढली. मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी तयार केलेली निनावी प्रश्नावली मुलांना वर्गात भरण्यास देण्यात आली. छळ करणारे आणि सोसणारे मिळून सुमारे १५ टक्के विद्यार्थी त्यात गुंतलेले आढळले. त्याच सुमारास बर्गेन येथील ४२ शाळांत ओल्वेउस यांनी अडीच हजार मुलांचा अभ्यास केला. त्यात मधल्या सुट्टीतील देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले नियम आणि पालकांशी बोलणे अशा साध्या उपायांनी दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यांनी नोंदवले. तेथे मुलाने मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत जाण्याची वाट पाहिली गेली नाही. शाळेने मुलाला विचारले. महाराष्ट्रात लागू असलेल्या वरील कायद्यांपैकी एकाही कायद्याने अशी विचारणा शाळेवर बंधनकारक केलेली नाही.