क्रमिक पुस्तकाचा दुसरा धनी

राजे आले आणि राजे गेले, याच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु एका विद्यार्थ्याचे क्रमिक पुस्तक दुसऱ्याच्या हाती कसे गेले, याची बखर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. विषय क्षुल्लक म्हणून तो राहून गेला असावा. मी शाळामास्तर, क्षुल्लक विषयांतच माझा दिवस जातो. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी हाही एक पदार्थ चाखून पाहावा.

मी राहतो ते पडेगाव छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या वाटेला लागले की भेटते. एके काळी ते शहराबाहेरचे गाव होते. आता छत्रपती संभाजीनगराने त्याला पोटात घेतले आहे. येथली मुले शहरातल्या कॉलेजांत जातात. परीक्षा संपल्या, की ती ओट्यावर बसून मोबाईलमध्ये पुस्तके विकतात आणि विकत घेतात. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवावयाचा बाजार, अशी 'अ‍ॅप' नावाची सोय निघाली आहे. पुस्तकाचा फोटो टाकावयाचा, आवृत्ती आणि किंमत लिहावयाची, आणि गिऱ्हाईक ठरले की कॉलेजच्या फाटकाशी देवघेव उरकावयाची. पुस्तकांबरोबर अभियांत्रिकीच्या मुलाचा ड्राफ्टर जातो, प्रयोगशाळेचा एप्रन जातो, कॅल्क्युलेटर जातो. मोठी माणसे कौतुकाने म्हणतात, काय नवे नवे निघते! मला मात्र वाटते, की यात नवा आहे तो फोन. व्यवहार आजोबा-पणजोबांच्या वेळचा आहे, आणि त्याची खोडही तेव्हाचीच आहे.

पंतोजींच्या शाळेत हा व्यवहार शक्यच नव्हता. मुलाच्या हाती धुळपाटी असे आणि बाकी सारे तोंडात असे. पावकी, निमकी, दिडकी एकाने पाठ केली म्हणून दुसऱ्याला ती निम्म्या किमतीत विकता येत नाही. जुने पुस्तक विकले जावयाचे, तर आधी पुस्तक छापील हवे, ते सर्वांना सारखे नेमलेले हवे, आणि पुढच्या वर्षीही तेच नेमलेले हवे. या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा पुस्तकाला दुसरा धनी मिळाला.

पहिली गोष्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत घडली. १८२२ साली मुंबईत देशी मुलांसाठी शाळा काढण्याकरिता आणि त्यांची पुस्तके करविण्याकरिता एक मंडळी स्थापन झाली. जॉर्ज जर्व्हिससारख्या इंग्रज अधिकाऱ्याने गणिताची पुस्तके मराठीत उतरविली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले, १८५४ साली परशुराम बल्लाळ गोडबोल्यांचे 'नवनीत' आले. मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. परीक्षा एक, म्हणून पुस्तके एक. मॅट्रिक झालेल्या मुलाला ते पुस्तक उद्यापासून नको आणि मॅट्रिकला बसणाऱ्याला तेच हवे! दोघांच्या गरजा एकाच महिन्यात पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला, धाकट्याचे शेजारच्या घरी, असे ते फिरू लागले, आणि ज्याला भाऊ नव्हता की शेजार नव्हता त्याच्यासाठी दुकान उभे राहिले. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टमधले पदपथ, कलकत्त्याची कॉलेज स्ट्रीट, या साऱ्यांची जातकुळी एकच.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट मात्र निराळी, आणि तीच मला सांगावयाची आहे. मुंबई इलाख्यात मुले मराठी व इंग्रजी पुस्तके उलटीत होती, तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. त्याला पुस्तके हवीत म्हणून १९१७ सालीच 'दारुल तर्जुमा' नावाचे भाषांतरखाते उघडले होते. पदार्थविज्ञान, इतिहास, कायदा, वैद्यक, असे नाना विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत उतरले. काम विद्वत्तेचे होते, याबद्दल दुमत नाही. औरंगाबादेतही १९२३ साली याच विद्यापीठाच्या छायेखाली कॉलेज सुरू झाले. म्हणजे घरी मराठी बोलणारा मुलगा उर्दू पुस्तकावर परीक्षा देई, आणि पुढच्या वर्षी तेच पुस्तक दुसऱ्या मराठी मुलाच्या कामी येई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या दिवसाचा आनंद मी काय वर्णावा! पण मास्तराची दृष्टी वाकडी. तिला आनंदाच्या मिरवणुकीमागे एक पुस्तकांचा गठ्ठाही दिसतो. उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजीची वाट धरली. ज्याने पै-पैसा जोडून उर्दू पुस्तके घेतली होती, त्याच्या गठ्ठ्याला आता विद्यार्थी गिऱ्हाईक उरले नाही. कागद शाबूत, बांधणी शाबूत, मजकूरही खरा. गेली ती फक्त नेमणूक. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. प्रत्येक वेळी आम्ही दोन पावले पुढे गेलो, हे निर्विवाद. पण बारा वर्षांत राज्य, भाषा आणि विद्यापीठ अशी तिन्ही बदलली, तेथे थोरल्याचे पुस्तक धाकट्याला कितीसे उपयोगी पडणार? ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकत होते, त्या घराला नवेच पुस्तक घ्यावे लागले.

अशा घरांची आठवण निघाली, की पडेगावहून शहरात शिरताना लागणारे नागसेनवन डोळ्यांपुढे येते. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली कॉलेज सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. जुन्या पुस्तकाची किंमत बाबासाहेबांइतकी कोणाला कळली असेल? त्यांच्या लहानपणी वडील रामजी सकपाळ पुस्तकांसाठी मुलींच्या सासरी जात, त्यांच्याकडून पैसे उसने घेत, नाहीतर दागिना आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत करीत, असे चरित्रकार सांगतात. पुढे न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या बाजारात हिंडून सुमारे २००० पुस्तके जमविली; पण ती सारी काही त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत. १९१७ साली लंडनहून परत येताना पुस्तकांचे सामान वेगळ्या जहाजाने पाठविले, तर ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. पुस्तकासाठी दागिना गहाण पडताना ज्याने पाहिला, त्याने आमच्या मागासलेल्या मुलखात कॉलेज काढावे, यातच सारे आले.

आता दुकानदाराबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण अ‍ॅपवाली मुले त्याच्यावर फार रागावलेली असतात. आमच्याकडून पाव किमतीत घेतो आणि अर्ध्या किमतीत विकतो, मधला पैसा फुकटचा खातो, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना विचारतो, परीक्षा एप्रिल-मेमध्ये संपतात आणि नवी मुले जून-जुलैत येतात. मधले दोन महिने गठ्ठा कोठे असतो? दुकानदाराच्या माळ्यावर. उंदीर त्याचे, वाळवी त्याची, पावसाची गळती त्याची. आणि जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला असे जाहीर झाले, तर बुडीतही त्याचे. मधला पैसा तो घेतो त्यात ही जोखीम असते. अ‍ॅपला माळा नाही. तेथे देणारा आणि घेणारा एकाच पंधरवड्यात उभे राहिले तर दोघांचा लाभ होतो. नाहीतर पुस्तक विकणाऱ्याच्या घरी पडून राहते आणि बुडीतही त्याच्याच पदरी येते. दुकानदार गेला तरी जोखीम गेली नाही. ती आता विद्यार्थ्याच्या खांद्यावर आली आहे.

हे केवळ आमच्याकडचे नाही. अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयोवा राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आवारापुरती जाहिरातींची जागा संगणकावर काढली होती. तिचे पुढे 'चेग' नावाच्या कंपनीत रूपांतर झाले. हे नाव इंग्रजीतली कोंबडी आणि अंडे या दोन शब्दांचे कडबोळे आहे. काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, या विद्यार्थ्याच्या पेचावरून ते ठेवले. पण बाजारालाही ते शोभते. विकणारे नाहीत म्हणून घेणारे येत नाहीत, आणि घेणारे नाहीत म्हणून विकणारे येत नाहीत! २००७ च्या सुमारास कंपनीने पुस्तके भाड्याने देण्याचा धंदा आरंभिला. म्हणजे फिरून फिरून पुस्तके साठवून ठेवणारा कोणीतरी लागलाच.

तेथलाच आणखी एक खटला सांगण्याजोगा आहे. सुपाप कर्टसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. तीच इंग्रजी पुस्तके थायलंडमध्ये स्वस्त मिळतात हे पाहून त्याने घरच्यांकडून ती मागविली आणि अमेरिकेत विकली. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचले. २०१३ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली गेली की ती पुढे कोणाला विकावी हे प्रकाशकाने सांगू नये. मग ती परदेशात छापलेली का असेना. थोडक्यात, पुस्तकाच्या दुसऱ्या धन्याचा हक्क तेथे न्यायालयाने मान्य केला.

मग त्या हक्काच्या आड येते कोण? प्रकाशक नाही, दुकानदार नाही, वाळवीसुद्धा नाही. आड येते ती नवी आवृत्ती आणि नवा अभ्यासक्रम. आमच्या सरकारने एके ठिकाणी तर पुस्तकाचे आयुष्य लिहूनच ठेवले आहे. अनुसूचित जातींच्या वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरे शाखांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने पुस्तकपेढीची योजना काढली. तीत एक संच दोन विद्यार्थ्यांत मिळून द्यावयाचा आणि संचाचे आयुष्य तीन वर्षांचे धरावयाचे, असा नियम झाला. तीन वर्षे हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. सरकारी माणसाने पुस्तक घेतानाच त्याच्या पुढच्या धन्याचा विचार केला, असे क्वचितच घडते.

शालेय पुस्तकांची गोष्ट घ्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास 'बालभारती' स्थापन झाली. पूर्वी निरनिराळ्या वाचनमाला चालत. या गावची माला त्या गावी नसे. राज्यभर एकच पुस्तक झाल्याने कोल्हापूरहून बदलून आलेल्या शिपायाच्या मुलीचे पुस्तक पडेगावच्या मुलीला चालू लागले. दुसऱ्या धन्याला याहून मोठी देणगी कोणती? पुढे २०२३ साली दप्तराचे ओझे कमी व्हावे या हेतूने प्राथमिक वर्गांच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्यात आली. हेतू उत्तम होता; पण ज्या पुस्तकात एकाने टिपणे लिहून पाने भरली, ते दुसऱ्याने कसे वापरावे? २०२५ साली ती पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. कारणे काही असोत, दुसऱ्या धन्याचा त्यात फायदाच झाला.

कॉलेजांत मात्र गोष्ट उलट चालली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आमच्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे अभ्यासक्रम लागू होऊ लागले. पहिल्या वर्षाची जुनी पुस्तके अ‍ॅपवर पडून राहिली, तसे ओट्यावरचे व्यापारी चरफडले. अभ्यासक्रम बदलूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. जग बदलते तसे पुस्तकानेही बदलले पाहिजे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा कोणत्या विषयात काय असावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु अभ्यासमंडळाच्या टेबलाशी जेव्हा एखादा धडा मागेपुढे करण्याचा विचार निघतो, तेव्हा त्या सभेत एक माणूस गैरहजर असतो, आणि तो म्हणजे पुढच्या वर्षी जुने पुस्तक शोधीत येणारा विद्यार्थी. त्याच्या वतीने कोणीतरी इतकेच विचारावे, की हा बदल या वर्षीच हवा आहे काय, आणि तो जुन्या पुस्तकाला चार पानांची पुरवणी जोडून भागणार नाही काय? अ‍ॅप कितीही चांगले झाले, तरी या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

असो. दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल आणि माळ्यावरून खाली आलेला गठ्ठा अजून दाराशी असेल. रद्दीवाला तो किलोवर घेईल. त्याआधी एकदा आवृत्ती आणि वर्ष पाहावे. अभ्यासक्रम तोच असेल, तर याच दिवसांत त्याचे गिऱ्हाईक असते. शाळा सुटलेली, घरकामात किंवा मजुरीत अडकलेली पुष्कळ माणसे सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीला बसतात. त्यांच्या अभ्यासाला बहुधा दिवाळीनंतरच सुरुवात होते, आणि तोवर दुकानातले संच संपत आलेले असतात. मोबाईलवर विकावे, दुकानात द्यावे, की जवळच्या शाळेत नेऊन ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त पहिल्या पानावरचे आपले नाव खोडू नये. त्याच्याखाली दुसऱ्या नावाला जागा असते.